केशतेलाची महती आणि मर्यादा



केस गळणे ही तक्रार अशी आहे, की ती घेऊन मनुष्य प्रथम वैद्याकडे जात नाही, डॉक्टरकडे तर नाहीच नाही; तो प्रथम दुकानात जातो. सकाळी फणीत केसांचा पुंजका दिसला, की घरातील वडीलधारी बाई एक तेल सुचविते, शेजारीण दुसरे सुचविते आणि हातातल्या मोबाइलवर तिसऱ्याची जाहिरात आपण होऊन पुढे येते. प्रत्येक बाटलीवर माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद, जटामांसी यांची नावे असतात आणि प्रत्येकीवर ‘आयुर्वेदिक’ ही मुद्रा असते. मौजेची गोष्ट अशी, की यांपैकी जवळजवळ प्रत्येक तेलाला मनापासून दुवा देणारी माणसे आपल्याला खरोखरच भेटतात. ही माणसे खोटे बोलत नसतात. मग प्रत्येक तेल गुणकारी आहे असे समजावयाचे काय? आणि तसे असेल, तर जगात टक्कल उरले कसे?

या कोड्याचे उत्तर तेलात नाही. ते केसांच्या आयुष्यक्रमात आहे. म्हणून तेलाकडे वळण्यापूर्वी आपण थोडा वेळ केसांकडेच पाहू.

आपल्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात. त्यांतील प्रत्येक केसाला स्वतःचे आयुष्य आहे. तो दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर इतका. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते आणि त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर विसावतो. हा विसावा संपला, की तो गळतो आणि त्याच मुळातून नवा केस वर येऊ लागतो. शेतातील सगळी पिके एकाच दिवशी कापणीस येतात; केसांचे तसे नाही. प्रत्येकाची पेरणी निराळ्या दिवशी झालेली असते, म्हणूनच आपण वर्षातून एकदा बोडके होत नाही.

आता थोडे गणित करू. कोणत्याही वेळी शंभरातील सुमारे दहा केस विसाव्याच्या अवस्थेत असतात. म्हणजे एक लाखातील दहा हजार. हा विसावा सुमारे शंभर दिवसांचा. दहा हजारांना शंभरांनी भागले, तर उत्तर येते शंभर. याचा अर्थ असा, की पूर्ण निरोगी माणसाच्या डोक्यावरूनही दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गाचा नियम आहे. ज्या भगिनी आठवड्यातून एकदाच न्हातात, त्यांच्या वेणीत गुंतून राहिलेले आठवडाभराचे केस त्या एका दिवशी मोरीत दिसतात, आणि त्यांचे काळीज चरकते. वस्तुतः ते त्या दिवसाचे केस नसतातच.

गळलेल्या केसाच्या टोकाशी लहानसा पांढरा गोळा दिसतो. तो पाहून ‘केस मुळासकट उपटून आला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ते मूळ नव्हे. विसाव्यास गेलेल्या केसाचे ते सुकलेले टोक आहे. खरे मूळ, म्हणजे ज्या पिशवीतून केस जन्माला येतो ती, त्वचेत तीन-चार मिलीमीटर खोल शाबूत असते. उलट ज्या तुटक्या केसाच्या दोन्ही टोकांना असा गोळा नसतो, तो गळलेला नसून मध्येच तुटलेला असतो. गळणे आणि तुटणे हे दोन निराळे प्रकार आहेत, आणि तेलाचा विचार करताना हा भेद आपल्याला फार उपयोगी पडणार आहे. तो कृपा करून लक्षात ठेवावा.

आता मूळ कोड्याकडे येऊ. शरीरावर मोठा आघात झाला, की वाढत असलेल्या केसांपैकी पुष्कळसे एकदम विसाव्यास जातात. टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा कडक ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने घटलेले वजन, तीव्र मानसिक धक्का ही त्याची नेहमीची कारणे. जणू संकटकाळी शरीर म्हणते, आधी हृदय आणि मेंदू सांभाळू, केसांचे मागाहून पाहू. पण विसाव्यास गेलेला केस लगेच गळत नाही. तो दोन-तीन महिन्यांनी गळतो. म्हणून आघात कधी झाला आणि केस कधी गळू लागले, यांचा मेळ सामान्य मनुष्यास लागत नाही. २०२० आणि २०२१ या साली कोरोनाच्या साथीतून उठलेल्या असंख्य लोकांना हा अनुभव आला. आजार संपला, मनुष्य कामावर रुजू झाला, आणि मग अचानक मुठी-मुठीने केस हातात येऊ लागले.

समजा, एखाद्या भगिनीस श्रावणात कडक ताप आला. कार्तिकात तिचे केस गळू लागले. महिनाभर तिने ‘थांबेल, थांबेल’ म्हणून वाट पाहिली आणि मार्गशीर्षात घाबरून एक महागडे तेल आणले. ती ते निष्ठेने लावू लागली. माघ-फाल्गुनात केस गळणे उणावले, आणि वैशाखात कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिलेले आरशात दिसले. आता या भगिनीने त्या तेलाचे गुण गाऊ नयेत, असे तिला कोण सांगणार? पण ज्या केसांना आघात पोचला होता ते गळून संपले होते, आणि त्यांच्या जागी नवे केस उगवण्याचा क्रम तेलाची बाटली घरात येण्यापूर्वीच त्वचेखाली सुरू झालेला होता. तेल न लावले असते, तरीही वैशाखात ते केस उगवले असतेच. अशा प्रकारचे गळणे बहुतांशी सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. बाळंतिणीचे केसही प्रसूतीनंतर दोन-चार महिन्यांनी असेच गळतात आणि मूल वर्षाचे होईपर्यंत बहुधा पूर्ववत होतात. गरोदरपणात अंतःस्रावांच्या प्रभावामुळे जे केस गळावयाचे थांबलेले असतात, ते नंतर एकदम गळतात, इतकेच.

मनुष्य तेल विकत घेतो तो नेमका केसांचे गळणे कळसास पोचलेले असताना. कळसानंतर उतार हा ठरलेलाच. त्या उताराचे श्रेय तेवढे बाटलीला मिळते. काळाने केलेल्या कामाची बक्षिशी तेल घेऊन जाते. सगळ्याच तेलांना भक्त भेटतात, ते यामुळे.

मग तेल निरुपयोगीच समजावे काय? मुळीच नाही. तसे म्हणणे हा तेलावर अन्याय होईल, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या अनुभवावरही. तेलाला खरे काम आहे; फक्त ते निराळे आहे.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या अंगावर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसविलेले सूक्ष्म खवले असतात. न्हाताना केस पाणी शोषून फुगतो, वाळताना आकसतो. ओल्या केसांतून फणी ओढली, की कौले उचकटतात आणि आतील प्रथिन झिजू लागते. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईच्या दोन संशोधकांनी या झिजेचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. न्हाण्यापूर्वी किंवा न्हाण्यानंतर खोबरेल लावलेल्या केसांची प्रथिनझीज कमी झाली. इतर दोन तेलांना ते साधले नाही. खोबरेलात लॉरिक आम्ल विपुल असते. त्याचा रेणू लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते, असा त्याचा खुलासा आहे. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम करीत होते, हेही सांगितले पाहिजे; श्रोत्यांनी ती गोष्ट जमेस धरूनच निष्कर्षाचे वजन करावे.

यावरून आपल्या जुन्या रिवाजाचा अर्थ उलगडतो. न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल चोळून ठेवणे, दिवाळीतील अभ्यंगस्नान, मुलींच्या वेण्या घालण्यापूर्वी हातावर घेतलेले चमचाभर तेल, या सर्वांनी केसांचे घर्षण कमी होते, गुंता हलक्या हाताने सुटतो आणि केस तुटत नाहीत. मघाशी मी गळणे आणि तुटणे यांतील भेद सांगितला, तो यासाठी. तुटण्यावर तेल हा चांगला उपाय आहे. तेल हे असलेल्या केसांचे राखणदार आहे. नसलेल्या केसांचे ते जन्मदाते नव्हे. केसाचा जन्म तीन-चार मिलीमीटर खोल होतो, आणि तेथे पोषण पोचते ते रक्तातून.

येथे कोणी सहज विचारील, ‘हे तुमचे पाश्चात्य शास्त्र झाले, पण आयुर्वेदात तर तेलाची थोरवी सांगितली आहे ना?’ सांगितली आहे, यात संशय नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात मस्तकाला नित्य तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहीत, लवकर पिकत नाहीत, त्याला सुखाची झोप येते, असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु हा अध्याय कोणता आहे, हे जाहिरातदार सांगत नाहीत. त्याचे नाव ‘मात्राशितीय’. त्याचा आरंभ तेलाने होत नाही. मनुष्याने योग्य मात्रेत जेवावे, या उपदेशाने होतो. आधी आहार, मग अंजन, नस्य, दंतधावन आणि मग मूर्धतैल, असा तो दिनचर्येचा क्रम आहे. चरकाचार्यांनी डोक्यावरील तेलाला मान दिला, पण पानावरील अन्नानंतर दिला.

केस का गळतात, याविषयीही शास्त्रकारांनी विचार केलेला आहे. सुश्रुत आणि वाग्भट यांच्या मते पित्त वातासह केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते आणि नंतर कफ रक्तासह ती छिद्रे बुजवून टाकतो, म्हणून तेथे नवे केस येत नाहीत. या परिभाषेशी आपण सहमत असा वा नसा. पण एक गोष्ट उघड आहे. त्यांनी केस गळण्याचे कारण शरीराच्या आत शोधले, आणि चिकित्साही शोधन, नस्य, आहार व लेप अशी अनेकांगी सांगितली. मस्तकावर तेलाचा उपयोग करण्याचेसुद्धा अभ्यंग, सेक, पिचू आणि बस्ती असे चार प्रकार वाग्भटाने दिले असून त्यांत पुढचा प्रकार मागच्याहून बलवान मानला आहे. आपण जे करतो तो अभ्यंग, म्हणजे या चारांतील सर्वांत सौम्य प्रकार. सगळे सोडून ‘तेवढे तेल लावा’ म्हणणे हा आयुर्वेद नव्हे. आयुर्वेदाच्या नावाची पाटी आहे.

वनस्पतींविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. केशतेलांत अग्रमान माक्याचा. संस्कृतात तो भृंगराज. पाणथळ जागी, शेताच्या बांधाला तो आपोआप उगवतो. पांढरी बारीक फुले, आणि देठ मोडून चोळला तर काही क्षणांत काळा पडणारा रस, ही त्याची खूण. या माक्याच्या अर्काने पांढऱ्या उंदरांच्या अंगावर केस लवकर वाढतात, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात आढळले. ही आशादायक गोष्ट खरी. पण उंदराच्या केसांचा फेरा काही आठवड्यांचा असतो आणि आपला काही वर्षांचा. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठ्या, तुलनात्मक चाचण्यांनीच तोडावे लागते, आणि तसा भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही.

सिद्ध तेल करण्याची शास्त्रोक्त रीतही समजून घेण्याजोगी आहे. एक भाग वनस्पतीचा कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग रस, काढा किंवा पाणी हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. मंद आचेवर सगळे पाणी आटेपर्यंत ते शिजवावयाचे. कल्काची बोटांत सहज वात वळली, तो विस्तवावर टाकला असता तडतडला नाही, आणि तेलावर फेस आला, म्हणजे तेल सिद्ध झाले. तूप सिद्ध होताना फेस जिरतो, तेल सिद्ध होताना फेस येतो, असे बारीक निरीक्षण जुन्यांनी करून ठेवले आहे. पाणी राहिले, तर तेल लवकर खराब होते. घरी जास्वंदीची फुले आणि माका घालून तेल करणाऱ्या भगिनींनी एवढे पाळले, तरी त्यांचे तेल बाजारातील पुष्कळ तेलांहून शुद्ध ठरेल. निदान त्यात काय आहे, हे त्यांना ठाऊक असेल.

तेल मुळात कोणते घ्यावे? ‘तेल’ हा शब्दच तिळावरून आलेला. शास्त्रग्रंथांत नुसते तैल म्हटले, की तिळाचे समजावयाचे. गोव्यात आणि कोकणात दारी नारळ, म्हणून तेथे खोबरेल. आणि गंमत अशी, की इंदूर-ग्वाल्हेरकडे, जेथे नारळाचे झाड दारात दिसावयाचे नाही, तेथे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतूनही खोबरेलाची बाटली हटलेली नाही. माळव्याच्या थंडीत ती गोठते आणि उन्हात ठेवावी लागते. सुमारे चोवीस अंशांखाली खोबरेल थिजते, हा त्याचा स्वभाव आहे. ते भेसळीचे लक्षण नव्हे. तीळ आणि खोबरे, दोन्ही तेले चांगली. जे सोसते, परवडते आणि घरात रुळलेले आहे, ते घ्यावे.

बाजारातील बाटली घेताना मात्र समोरचे चित्र न पाहता मागचा बारीक मजकूर वाचावा. पुष्कळ सुगंधी तेलांत पहिला घटक ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ हा असतो. हे खनिज तेल आहे. त्याने केस चकाकतात, पण मघाच्या प्रयोगात प्रथिनझीज रोखू न शकलेले तेल याच जातीचे. आयुर्वेदिक औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलावर घटकद्रव्यांची यादी, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि तयार केल्याची तारीख असली पाहिजे. ज्या बाटलीवर यांपैकी काही नाही, ती कितीही थोर नावाने विकली जात असली तरी हातात धरू नये. आपल्या देशाच्या १९४५ च्या औषधनियमांना जोडलेल्या ‘जे’ अनुसूचीत, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशांची यादी आहे. तीत टकलाचा समावेश आहे. कायदा करणाऱ्यांना या व्यवहाराची पारख पूर्वीच झाली होती, असे म्हणावे लागते.

तेल अपायकारक केव्हा ठरते, तेही सांगितले पाहिजे. डोक्यात पुष्कळ कोंडा असेल, टाळू लाल आणि खाजरी असेल, तर तेल चोळून तो वाढण्याचा संभव असतो. कारण कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते. ‘कोंडा म्हणजे कोरडेपणा, म्हणून तेल हवे’ हा समज घरोघर आहे, पण तो बरोबर नाही. दुसरी गोष्ट गुंजेची. जुन्या ग्रंथांत चाईवर गुंजेचा लेप सांगितला आहे. परंतु गुंजेचे बी अत्यंत विषारी आहे. जाणत्या वैद्याच्या देखरेखीवाचून त्याचा प्रयोग घरी कदापि करू नये, आणि मुलाबाळांच्या घरात ते ठेवूही नये.

पण तेलापासून होणारा सर्वांत मोठा अपाय याहून निराळा आहे. तो म्हणजे विलंब. केस गळणे हा पुष्कळदा रोग नसतो, रोगाचे पत्र असते. आपण ते पत्र न उघडता त्यावर तेल चोळीत बसतो.

हे पत्र काय सांगत असते? कधी ते सांगते, की रक्तात लोह कमी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक. यांतील किती भगिनी केस गळतात म्हणून तेलामागून तेल बदलीत असतील, याची कल्पना करावी. त्यांना जिना चढताना धाप लागते, त्यांचा चेहरा फिकट पडतो, पाळीच्या वेळी अंगावर फार जाते. पण या गोष्टींची घरात चर्चा होत नाही. चर्चा होते ती केसांची, कारण ते जमिनीवर दिसतात. कधी हे पत्र थायरॉइड ग्रंथीचे असते. तेव्हा थकवा, वाढते वजन, थंडी सहन न होणे ही लक्षणे जोडीला येतात. तरुण मुलीची पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव वाढलेली आणि डोक्यावरचे केस विरळ, असे असेल तर कारण अंतःस्रावांत शोधावे लागते. रक्ताची एक साधी तपासणी, जिचा खर्च पुष्कळ वेळा त्या तेलाच्या बाटलीहूनही कमी असतो, यावर प्रकाश टाकू शकते.

काही प्रकारांत तर वेळ हाच उपचाराचा प्राण असतो. पुरुषांचे कपाळ मागे सरकणे, टाळूवर केस विरळ होणे, स्त्रियांचा भांग रुंदावत जाणे, हे बहुधा आनुवंशिक असते. येथे केस एकदम गळत नाहीत. ते पिढीगणिक बारीक होत जातात, आणि शेवटी नुसती लव उरते. याला कोणतेही तेल थोपवू शकत नाही. मूळ रक्तदाबासाठी निघालेले मिनॉक्सिडिल हे औषध टाळूवर लावल्याने अनेकांना उपयोग होतो. पण ते लवकर सुरू करावे लागते, चालू ठेवावे लागते, आणि वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे लागते. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा एकाएकी पडला तर ती चाई. शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटल्यामुळे ती होते. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा चट्टा पडून केस तुटत असतील, तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो. त्यावर पोटात औषध घ्यावे लागते, आणि त्याची फणी व टॉवेल वेगळा ठेवावा लागतो. आणि टाळू चकचकीत होऊन केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर एक दिवसही दवडू नये. कारण व्रण पडलेल्या जागी पुन्हा केस उगवत नाहीत.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. तेल आठवड्यातून एकदा-दोनदा, न्हाण्यापूर्वी काही तास किंवा आदल्या रात्री लावावे. ते कोमट असावे, कढत नसावे. बोटांच्या पेरांनी हलके चोळावे. नखांनी वा तळव्याने रगडू नये. चोळताना काही केस हाताशी येतील. ते विसाव्यास गेलेलेच केस होत, म्हणून भिऊन तेल सोडण्याचे कारण नाही. ओले केस विंचरू नयेत, आणि विंचरावेच लागले तर रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करावी. कपाळाची कातडी ताणली जाईल इतका घट्ट अंबाडा किंवा वेणी रोज घालू नये. वर्षानुवर्षे ताण बसला, की कानशिलावरचे केस कायमचे जातात.

आणि पाचवी गोष्ट, जी खरे म्हणजे पहिली आहे. केस प्रथिनाचा बनतो, म्हणून जेवणात डाळी, उसळी, दूध, शेंगदाणे, आणि चालत असेल तेथे अंडी व मासे हवेत. हिरव्या पालेभाज्या, तीळ, नाचणी हवी. भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. तो ते लोह अंगी लागू देत नाही.

पण भगिनींनो, आहाराची यादी वाचून दाखविणे सोपे आहे. आपल्या घरांत अजूनही सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर जी जेवावयास बसते, तिच्या वाट्याला आमटीचे पाणी आणि भाजीचा खरवड येतो. तिचेच केस गळतात, आणि तिच्यासाठी घरातील मंडळी मोठ्या कौतुकाने पाचशे रुपयांचे तेल आणतात. प्रेम खोटे नसते. फक्त ते चुकीच्या जागी ओतले जाते. त्या तेलाऐवजी तिच्या पानात रोज एक वाटी घट्ट वरण आधी वाढले, आणि तिच्या रक्ताची तपासणी करून घेतली, तर चरकाचार्यांनी जो क्रम घालून दिला आहे, तो पाळल्यासारखे होईल.

तेव्हा तेल अवश्य लावावे. आईने मुलीच्या डोक्याला तेल लावून वेणी घालावी, त्या निमित्ताने दोन शब्द बोलावे, हे सुख कोणत्याही शास्त्राने नाकारलेले नाही. मात्र तेलाकडून राखणीचे काम घ्यावे, जन्माचे मागू नये. केस सहा महिन्यांहून अधिक काळ गळत राहिले, चट्टा पडला, टाळू दुखू वा खाजू लागली, किंवा केसांबरोबर अंगातील बळही गळते आहे असे वाटले, तर बाटली बाजूस ठेवून जाणत्या वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जावे. आणि ताप किंवा बाळंतपण होऊन दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले असतील, तर धीर धरावा, पोटभर सकस जेवावे आणि वाट पाहावी.